मापाचा पट्टा

१

अण्णांच्या हातातलं घड्याळ आता कोपरापर्यंत जायला लागलं होतं.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून अण्णा वाळतच चालले होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. उरला होता तो डावा हात आणि डोळे. त्या डाव्या हातात स्टीलच्या पट्ट्याचं जुनं, जड घड्याळ. त्यांचं करायला ठेवलेली मावशी सकाळी अंग पुसायला त्यांचा हात वर करायची की ते घरंगळत कोपराशी जायचं, हात खाली ठेवला की मनगटाच्या हाडावर येऊन आदळायचं. कातडी कागदासारखी झालेली. पट्ट्याच्या कडा लागून ती एकदोन ठिकाणी सोललीही होती. काढून ठेवू का, असं मावशीने एकदा विचारलं, तर अण्णांनी हात असा छातीशी ओढून घेतला की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

शेवटी मुलीनेच तोड काढली. तिचा नवरा डबा घेऊन कामावर निघाला होता.

"अहो, तुमच्या दुकानात ते बारके स्क्रूड्रायव्हर असतात ना? दोनेक कड्या काढून आणा की पट्ट्याच्या. घट्ट बसलं म्हणजे लागणार नाही त्यांना."

मग ती अण्णांच्या उशाशी वाकून म्हणाली, "संध्याकाळी परत आणतील हं, अण्णा."

अण्णांनी मुलीकडे बराच वेळ पाहिलं आणि हात सैल सोडला. घड्याळ मुठीवरून न अडखळता निघून आलं. लॉक उघडावंही लागलं नाही.

जावई चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. फ्रेमा बसवणं, काड्या वाकवून कानाला मापात आणणं, बिजागरीचे स्क्रू बदलणं, हे त्याचं काम, आणि ते तो चांगलं करायचा. घर मात्र अण्णांचं होतं. लग्नानंतर 'आपली सोय होईपर्यंत' म्हणून दोघं इथे राहायला आली आणि ती सोय काही झाली नाही. अण्णांनी त्यावरून कधी चकार शब्द काढला नव्हता. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला तो माणूस मुळात कमीच बोलायचा. फक्त घरी कुणी नवीन आलं की जावयाची ओळख करून देताना म्हणायचा, "हे आमच्याकडे असतात." एवढंच. पुढे काही नाही. आलेला माणूस मान डोलवायचा, आणि जावई चहा आणायच्या निमित्ताने आत जायचा.

२

दुपारी दुकानात सामसूम असते. त्याने पांढरं फडकं पसरलं, घड्याळ त्यावर आडवं घातलं, डोळ्याला भिंग लावलं. पट्ट्याच्या कडेला, कडी कडीला जोडणारे बारीक स्क्रू ओळीने बसलेले. कड्यांच्या सांध्यांमध्ये काळपट मळ साचला होता. माणसाचा घाम, माणसाची कातडी, वर्षानुवर्षांची. त्याने टोकदार काडीने तो काढला आणि पहिल्या स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर टेकवला. जरा जोर दिला. स्क्रू मुकाट्याने फिरला.

तेवढ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने घड्याळ उचललं आणि स्वतःच्या मनगटात घातलं. लॉक दाबलं. टक्.

मापाचं होतं. सैल नाही, घट्ट नाही. त्याच्यासाठीच कुणी कड्या मोजून बसवाव्यात, तसं.

"घड्याळ शोभतं हो तुम्हाला," समोरून आवाज आला. फ्रेम सैल झाली म्हणून सकाळी चष्मा टाकून गेलेल्या बाई परत आल्या होत्या. "जुनं दिसतंय. वडिलांचं का?"

"हो," तो म्हणाला.

बाई चष्मा घेऊन गेल्या. त्याचे कान गरम झाले होते. त्याने घड्याळ काढलं, अर्धा फिरलेला स्क्रू होता तसा आत बसवला, आणि सगळं एका रिकाम्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. काय म्हणून असं केलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. उद्या करू, असं मनाशी म्हणाला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, तेव्हा तोंडातून आपसूक निघालं, "स्क्रू अडकलेत. गंज धरलाय आतून. वेळ लागेल."

"असू दे. सावकाश करा," ती म्हणाली. तिला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

अण्णा त्याच्याकडे बघत होते. त्यांचा रिकामा डावा हात चादरीवर पडला होता. बघता बघता त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली आणि हळूच वळली. मग सुटली, मागे आली, पुन्हा टेकली, पुन्हा वळली.

"बघा, काहीतरी पिळतायत," बायको हसून म्हणाली. "कारखाना आठवत असेल."

३

उद्याचं परवा झालं, परवाचा आठवडा झाला. जावई सकाळी कोपऱ्यावरचं वळण ओलांडलं की डबी उघडून घड्याळ हातात घालायचा आणि संध्याकाळी त्याच वळणाच्या अलीकडे काढून ठेवायचा. दिवसभर बाही थोडी वर दुमडलेली. गिऱ्हाईकाच्या कानामागे काडी बसवताना मनगट त्याच्या गालाजवळ यायचं, आणि लोक बघायचे. काही जण 'साहेब' म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून स्वतःचीच शिसारी यायची. आजारी म्हाताऱ्याच्या हातातली वस्तू घालून आपण मिरवतो, हे काय त्याला कळत नव्हतं? घरी जेवताना तो अण्णांच्या खोलीकडे पाठ करून बसायला लागला.

एका सकाळी मावशीने त्याला हाक मारली. ती अण्णांचा हात ओल्या फडक्याने पुसत होती.

"जावईबापू, हे बघा हो. घड्याळ काढून इतके दिवस झाले, पण वळ काही जात नाहीत."

त्याने वाकून बघितलं. अण्णांच्या मनगटावर पट्ट्याचा ठसा होता. कडीन् कडी मोजता यावी इतका स्वच्छ, खोल, कडांना लालसर. नुकतंच घड्याळ काढल्यासारखा.

"म्हातारपणी कातडी मागे येत नाही लवकर," तो म्हणाला. "सूजही असते."

"असेल बाई," मावशी म्हणाली. "पण आधी ते कोपरापर्यंत घरंगळायचं. सैल पट्ट्याचा असा वळ कसा उठेल?"

तो घाईने बाहेर पडला.

त्या दिवशी दुकान बंद करताना त्याने घड्याळ काढलं आणि दिव्याखाली स्वतःचं मनगट बघितलं. सकाळपासून तो जड पट्टा तिथे होता. ऊन होतं, घाम आला होता. कातडीवर पुसटशी रेघही नव्हती. त्याने मुद्दाम अंगठ्याने मनगट दाबून पाहिलं. अंगठ्याचा पांढरा ठसा उठला, भरून आला. म्हणजे कातडी ठीकच होती.

पट्टा आपल्याला जरा सैल असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण तो सैल नव्हता, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या त्याने घड्याळ हातात न घालता फडक्यावर ठेवलं. आज दोन कड्या काढायच्या आणि विषय संपवायचा. मनावरचं ओझं तरी उतरेल.

पहिल्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू हलला नाही.

हाच तो स्क्रू. त्या दुपारी लोण्यासारखा फिरला होता. त्याने जोर वाढवला. पातं खाचेतून सटकलं आणि अंगठ्यात रुतलं. त्याने अंगठा चोखला, दुसरा स्क्रू बघितला, तिसरा बघितला. सगळे एकजात चिकटलेले. कड्यांच्या सांध्यांत काळपट मळ पुन्हा भरला होता. काडीने काढला तर ओला निघाला.

मग त्याने आपली सगळी विद्या पणाला लावली. मशीनच्या तेलाचा थेंब सोडून थांबला. फ्रेमा गरम करायच्या यंत्रावर पट्टा धरला, आतलं काही चिकटलं असेल तर सैल व्हावं म्हणून. स्क्रूड्रायव्हरचं पातं दगडावर घासून खाचेत नेमकं बसेल असं केलं. पुन्हा जोर दिला, आणि या वेळी स्क्रू फिरला. पाव फेरा, नीट, भिंगातून डोळ्यांनी बघितलेला. त्याने पकड बदलायला हात उचलला. पुन्हा पातं टेकवायला गेला तर खाच पहिल्या जागी होती.

आपणच चुकलो असं वाटून त्याने काचेवर खुणा करायच्या पेनाने स्क्रूच्या डोक्याच्या वरच्या कडेला एक लाल ठिपका दिला. पाव फेरा फिरवला. ठिपका वरून बाजूला आला. त्याने हात उचलला, श्वास रोखला.

ठिपका सावकाश परत वर गेला. आणि मग तिथे न थांबता किंचित पुढे.

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, स्टँडचा आवाज आला. गरम केलेला धातू निवला की आक्रसतो, हे त्याला माहीत होतं. आक्रसताना स्क्रू ओढला जात असेल. असेलच. त्याने ते वाक्य दोनदा मनात म्हटलं. पण पट्टा हाताला गार लागत होता.

संध्याकाळी घरी पोचला तर मावशी जायच्या घाईत होती.

"आज दुपारभर त्यांचं ते फिरवणं चाललं होतं," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "थांबायचं नावच नाही. घामाने उशी भिजली. अंगठ्याचं नख बघा कसं काळंनिळं झालंय."

जावयाने बघितलं नाही.

५

रविवारी सकाळी बायको म्हणाली, "तुमची हत्यारं घरी आणलीत ना? मग इथेच बसा. अण्णांसमोरच करा. त्यांनाही बघायला बरं वाटेल."

हत्यारं आणा, असं तीच आदल्या दिवशी म्हणाली होती, आणि नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नव्हतं. त्याने पलंगाजवळ स्टूल ओढलं, त्यावर फडकं पसरलं. डबीतून घड्याळ काढून त्यावर ठेवलं. बायको समोर जमिनीवर बसली आणि पट्टा दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मी धरते. तुम्ही फिरवा."

खोलीत खिडकीतून छान ऊन आलं होतं. पलंगावर अण्णांचा डावा हात चादरीबाहेर, स्टुलापासून वीतभर अंतरावर.

त्याने पातं टेकवलं आणि डावीकडे जोर दिला. अण्णांची बोटं टेकली आणि उजवीकडे वळली. स्क्रू जागचा हलला नाही. त्याने जोर काढला, बोटं थांबली. त्याने पुन्हा जोर दिला. बोटं पुन्हा वळली. दोघांच्या मध्ये काही नव्हतं, ऊन आणि हवा. तरी स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यातून त्याला पलीकडची पकड जाणवत होती. त्याच्या हातापेक्षा कितीतरी जाणती. घाई नाही, राग नाही. स्क्रू कुठवर न्यायचा हे ठाऊक असलेली.

"एवढा घाम का फुटलाय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"नाही निघत," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं ना, अडकलेत." आणि हे खरं होतं. ते बोलणं एव्हाना संपूर्ण खरं झालं होतं, आणि तरीही बोलताना त्याची मान खालीच होती.

बायकोने घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"घाला."

"काय?"

"एकदा माझ्यासमोर घाला."

त्याने घातलं. अंगठा आपोआप लॉकवर गेला. टक्. त्याचे डोळे तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर होते.

"बघावंसुद्धा लागत नाही तुम्हाला," ती हळूच म्हणाली.

त्याने अंगठा लॉकवरून काढला.

"परवा औषधं आणायला गेले होते, तेव्हा दुकानावरून आले. तुम्ही कुणाला तरी चष्मा लावून देत होतात. काचेतून दिसलात." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, अण्णांसमोर बसवलं तर आज तरी कड्या काढाल. मागितलं असतंत तर त्यांनी दिलं असतं हो. नाहीतर मी तरी त्यांना सांगितलं असतं."

ती उठली, अण्णांच्या अंगावरची चादर उगाच नीट केली, आणि तोंड धुवायला निघून गेली. आत नळ सुरू झाला.

६

त्याने घाईघाईने लॉक उघडायला अंगठा लावला. लॉक उघडेना. नख घातलं, स्क्रूड्रायव्हरचं पातं घालून उचकटलं. पातं वाकलं, लॉक तसंच. पट्टा कातडीला घट्ट बसला होता. आत्ता आत्तापर्यंत मापाचा होता, आणि आता त्याखाली काडीही सरकत नव्हती. सुटायची एकच वाट उरली होती. एखादा स्क्रू काढायचा.

नळ वाहत होता. ती येईल आणि अजूनही ते आपल्या हातात बघेल, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी सगळं चालेल, पण ते नको.

तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला. इतक्या वर्षांत तो अण्णांच्या इतक्या जवळ कधी आला नव्हता. औषधाचा आणि पावडरचा वास आला.

"अण्णा," तो पुटपुटला. "चुकलं माझं. तुमचं तुम्ही घ्या. सोडा मला."

अण्णांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर आलेच नाहीत. ते घड्याळावर होते. बोटं टेकली. थोडा वेळ तशीच राहिली. मग ती उलटी वळली.

पट्ट्याच्या कडेला लाल ठिपक्याचा तो स्क्रू हलला. कुणी हात न लावता, आट्यामागून आटा, डोकं वर काढत बाहेर आला. अण्णांची बोटं सुटायची, मागे जायची, टेकायची, वळायची. स्क्रू तेवढाच वर यायचा. शेवटी तो चादरीवर पडला, आणि पट्टा दोन्हीकडे उघडून जावयाच्या मनगटावरून निसटला.

त्याने पुढचा विचार केला नाही. नळ बंद झाल्याचा आवाज आला होता. त्याने दोन्ही हातांनी पट्टा अण्णांच्या मनगटाभोवती गुंडाळला, कडी कडीत बसवली, स्क्रू भोकावर टेकवला. पिळायची गरज पडली नाही. तो आपणच आत गेला. आणि पट्टा बसला. एक कडीही न काढता, त्या वाळलेल्या, काडीसारख्या हातावर नेमका, जुन्या वळांमध्ये प्रत्येक कडी आपापल्या जागी. त्याने अण्णांचा हात जरा वर उचलून पाहिला. घड्याळ कोपराकडे गेलं नाही.

सुटलो, असं त्याला वाटलं. तो हात मागे घेणार, तोच अण्णांनी त्याचं उजवं मनगट धरलं.

मूठ आवळली नाही. फक्त अंगठा आणि तर्जनी, मनगटाच्या दोन बाजूंच्या हाडांवर टेकवलेली. अण्णांनी आता पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. कामाला लागलेला माणूस समोरच्या वस्तूकडे बघतो, तसे ते बघत होते.

बोटं वळली.

दुखलं नाही. मनगटाच्या आत, हाड हाडाला मिळतं तिथे, काहीतरी आट्यावर चढलं आणि पुढे सरकलं. करंगळी तळव्याकडे ओढली गेली आणि तिथेच राहिली. त्याने ती सरळ करून पाहिली. ती झाली नाही.

"अगं बाई," दारातून आवाज आला.

बायको टॉवेलने तोंड पुसत उभी होती. तिने वडिलांच्या हातातलं घड्याळ बघितलं. मग त्या हाताने धरलेला नवऱ्याचा हात बघितला, जमिनीवर टेकलेले त्याचे गुडघे बघितले, आणि तिचा चेहरा एकदम विरघळला.

"अण्णांनी हात धरला तुमचा," ती म्हणाली. "इतक्या महिन्यांत कुणाचाच धरला नव्हता. माझासुद्धा नाही." तिने टॉवेल डोळ्यांना लावला. "मनात नाही ठेवलं हो त्यांनी काही."

तो हात ओढू शकला असता. पलंगावरचा माणूस अर्धा लुळा होता, चिमटीत धरल्याइतकीच ती पकड. एक हिसका पुरला असता. पण हिसका देऊन तो काय सांगणार होता? आत्ता, तिच्यासमोर, तिच्या आजारी वडिलांचा हात झिडकारून?

"हो," तो म्हणाला.

ती जवळ आली, त्याच्या मागे उभी राहिली, आणि त्याच्या खांद्यावर तिने हात ठेवला. "बसा असेच जरा वेळ," ती म्हणाली. "बरं वाटतंय त्यांना."

तो बसून राहिला. करंगळीजवळचं बोटही आता हळूहळू मिटत होतं. अण्णांनी बोटं सैल केली, मागे नेली, आणि नवी पकड घेतली.